ठाण्याच्या मेघनाताई

"आजोबा, 'शैली' म्हणजे काय हो?"

वैदेही जमिनीवर पालथी पडून पांढऱ्या कार्डशीटवर निळ्या स्केचपेननं अक्षरं गिरवत होती. जीभ जरा बाहेर, केसांत पेन्सिल खोचलेली.

"लिहायची पद्धत. प्रत्येकाची वेगळी असते," मी म्हणालो.

"माझी हाय?"

"मेघनाताई म्हणतायत म्हणजे असणारच."

ती खूश होऊन पुन्हा गिरवू लागली. कार्डशीटवर हाताएवढ्या अक्षरांत उमटत होतं: 'विषय किती सोप्या शब्दांत मांडलात! तुमची शैली मनाला भिडली. असेच लिहीत राहा. – मेघना इनामदार, ठाणे.'

या गोष्टीला आता तेरा-चौदा वर्षं झाली. मी टपालखात्यातून निवृत्त होऊन गारगोटीला घरी आलो होतो. पस्तीस वर्षं पत्रं निवडली होती, ही कोल्हापूरची, ही कागलची, ही आजऱ्याची. आता हात रिकामे. मग दर शनिवारी दुपारी नि रविवारी सकाळी आळीतली पोरं पडवीत जमू लागली. मी त्यांना परसात सोडायचो, भिंगं द्यायचो. आमचा नियम एकच होता: बघितलं तेवढंच लिहायचं. पोरांच्या वह्यांतलं चांगलं लिखाण मी त्यांच्या नावानं ब्लॉगवर चढवायचो. ब्लॉगचं नाव 'परसदार'. तो काढून दिला साहिल मुल्लानं. साहिल सातवीतला, संगणकावर त्याची बोटं अशी चालायची, की मला माझ्या तरुणपणाचं सॉर्टिंग आठवायचं.

वैदेही गुरव सहावीत होती. वर्गात कधी हात वर करायची नाही. सहा महिने माझ्याकडे येऊनही तिचा आवाज मी चार-पाच वेळाच ऐकला असेल. पण एका शनिवारी ती परसातून धावत आली नि म्हणाली, "आजोबा, कढीपत्त्यावर पाखराची शी हाय आन् ती चालतीय!"

पोरं हसून हसून लोळली. मी भिंग घेऊन गेलो. शी खरंच चालत होती. ती फुलपाखराची अळी होती. पाखरांनी खाऊ नये म्हणून पाखराच्याच शिटेचं रूप घेऊन पानावर बसलेली, काळपट, वर पांढरा डाग. वैदेहीनं ती रोज पाहिली, वहीत मापं लिहिली, तिनं किती वेळा कात टाकली ते मोजलं, आणि एक दिवस ती शीचं रूप टाकून हिरवीगार झाली तेही लिहिलं. 'चालणारी शी' हा तिचा लेख मी ब्लॉगवर टाकला आणि दहाव्या दिवशी त्याखाली मेघनाताईंचा अभिप्राय आला.

तेव्हापासून पोरगी बदलली. तो अभिप्राय तिनं कंपासपेटीच्या झाकणाच्या आत चिकटवला. शाळेत हात वर करू लागली. आणि आता सोमवारी तालुक्याच्या विज्ञान प्रदर्शनात तिची अळी मांडली जाणार होती. बाजूला 'वाचकांचे अभिप्राय' म्हणून हे कार्डशीट.

"साहिल, मेघनाताईंचा फोटो मिळतोय का बघ की. वर चिकटवूया," ती म्हणाली आणि स्केचपेनचं टोपण लावून कढीपत्त्याकडे गेली. तिथं नवी अळी दिसतेय का हे ती दर तासाला पाहून यायची.

साहिलनं मेघनाताईंच्या नावावर क्लिक केलं. मग तो गप्प झाला. साहिल गप्प झाला की काहीतरी बिघडलेलं असायचं.

"आजोबा," तो हळूच म्हणाला, "हिकडं या जरा."

पडद्यावर एक हिरवी बाटली होती. 'गुडघेदुखी? सात दिवसांत पळा!' खाली तेलाची मागणी नोंदवायची जागा. मेघनाताईंचा मागमूस नाही.

"चुकून दुसरीकडं गेलास."

"न्हाई. नावाच्या मागं हेच लपलंय." त्यानं दुसरा अभिप्राय उघडला. सुधाकर महाजन, नाशिक. नावामागे केस दाट करायची वडी. मग प्रज्ञा केळकर, पुणे. नावामागे घरबसल्या नोकरी. "आजोबा, ही माणसं न्हाईत. ह्या जाहिराती हायत. आपलं कौतुक केलं की आपण कमेंट ठेवतोय, आन् कोण नावावर दाबलं की तेलाच्या दुकानात. ह्याला स्पॅम म्हणत्यात."

मी खुर्चीत बसलो. एक गोष्ट सांगायला अजूनही लाज वाटते. आलेल्या पत्राला उत्तर द्यायचं, ही माझी जन्माची सवय. त्या सगळ्या अभिप्रायांना, एकेचाळीसच्या एकेचाळीस, मी उत्तरं लिहिली होती. सुधाकररावांना 'नाशकात यंदा द्राक्षं कशी आहेत?' असं विचारलं होतं. आणि मेघनाताईंच्या नावाखाली बारीक अक्षरात गुडघ्यांविषयी काहीतरी दिसलं होतं, तेव्हा त्यांनाच त्रास असेल असं समजून मी लिहिलं होतं, 'ताई, जिने टाळा. सौ.ना निर्गुडीच्या पाल्यानं आराम पडला.'

चहा घेऊन आलेल्या कुमुदनं, म्हणजे आमच्या सौ.नी, मागून हे सगळं ऐकलं. कपबशी खाली ठेवून ती हसायला लागली ती थांबेचना.

"पस्तीस वर्षं टपालात! आणि तेलाच्या बाटलीला निर्गुडी सांगितली!"

"टपालात आम्ही पत्ते बघायचो. कुणाचं पत्र उघडून आत काय आहे ते कधी वाचलं नाही," मी म्हणालो.

साहिलपण हसत होता. मग त्यानं खिडकीतून परसात पाहिलं आणि त्याचं हसू गेलं. वैदेही कढीपत्त्याखाली टाचा उंचावून एकेक पान उलटून पाहत होती.

"तिला नको सांगूया," तो म्हणाला. "रडंल ती. परत बोलायची बंद हुईल."

"आणि प्रदर्शनात कुणी ओळखलं तर?"

"हां. आमच्या शाळेतली पोरं लगेच वळखतील. मग तर तेलवाली म्हणूनच चिडवतील."

त्या संध्याकाळी मी एक गोष्ट केली, तीही सांगून टाकतो. पोरं गेल्यावर संगणकापुढे बसलो आणि 'चालणारी शी' या लेखाखाली टाईप केलं: 'लेख मनापासून आवडला. लेखिकेचे निरीक्षण सूक्ष्म आहे. – कोल्हापूरचे एक वाचक.' म्हटलं, मेघनाताईंच्या जागी हा अभिप्राय कार्डशीटवर जाईल. पोरीला कळायचंही नाही. आता फक्त बटण दाबायचं राहिलं होतं.

"कोण हो हे कोल्हापूरचे वाचक?" कुमुद मागे उभी होती.

मी पडद्यावर हात आडवा धरला.

"मग तुमच्यात आणि त्या तेलवाल्यात काय फरक?" ती म्हणाली. "त्याला निदान तेल तरी विकायचंय."

मी ते सगळं पुसून टाकलं. समोर भिंतीला माझी जुनी सॉर्टिंगची चौकट होती. लाकडाची, अठ्ठेचाळीस खणांची. आमच्या कार्यालयात लोखंडी चौकटी आल्या, तेव्हा ही मोडीत निघाली होती, ती मी घरी आणली. खणांत आता खिळे, बिया नि कुमुदची बटणं होती. मी उठलो आणि एकेक खण रिकामा करायला लागलो.

"आता हे काय?" कुमुद म्हणाली.

"उद्याचा धडा," मी म्हणालो.

रविवारी सकाळी पोरं आली तेव्हा चौकट पुसून तयार होती. चौदा खणांवर ब्लॉगच्या चौदा लेखांची नावं चिकटवली होती. बेडकांची पिल्ले. गोगलगायीचा रस्ता. चालणारी शी. आमचा बोका गेला. येत्या शनिवारी वर्ग नाही. अशी. आणि सगळे अभिप्राय मी जुन्या कॅलेंडरच्या मागच्या बाजूला हातानं उतरवून काढून त्यांच्या चिठ्ठ्या कापल्या होत्या. चिठ्ठीवर नाव नाही, गाव नाही, लेख कोणता तेही नाही. फक्त मजकूर.

"आज किडे न्हाईत?" साहिलनं विचारलं. त्याला थोडी कल्पना आली होती.

"आहेत. पण आज ते कागदावर बसलेत. त्याआधी वैदेही सांगेल. काय गं, ती अळी आहे, शी नाही, हे तुला कसं कळलं?"

वैदेही लाजली, पण बोलली. "पयल्यांदा न्हाई कळलं. दुसऱ्या दिवशी शी दुसऱ्या पानावर हुती. शी काय पान बदलती व्हय?"

"म्हणजे एकदा बघून ओळखता आलं असतं?"

"न्हाई. दोन ठिकाणी बघावं लागलं."

"झकास. आता तुम्ही सगळे टपालवाले. या चिठ्ठ्या म्हणजे पत्रं. चिठ्ठी वाचायची, ती कोणत्या लेखाला आली असेल ते ओळखायचं आणि त्या खणात टाकायची. ज्याच्या वाट्याच्या चिठ्ठ्या आधी संपतील त्याला आजींच्या हातचे दोन लाडू."

पोरं तुटून पडली. पहिल्या मिनिटात साहिल ओरडला, "ही माझ्या आत्याची! 'साहिल, पावसात बेडकं धरायला जाऊ नको, सर्दी होते.' टाका बेडकांच्या खणात!"

सगळे हसले. पण त्यानंतर काम अडलं. एकेक जण हातात चिठ्ठ्या धरून खणांकडे नुसताच बघत राहिला.

"'फारच उपयुक्त माहिती. माझ्या सर्व मित्रांना पाठवली.' ही कुठली असंल, आजोबा?"

"तूच ठरव."

"गोगलगायीची?"

"असेल."

"बेडकांची बी चालंल की."

"चालेल."

मी खऱ्या यादीत पाहिलं आणि सांगितलं, "ती आली होती 'आमचा बोका गेला' याखाली."

मग पोरं अशी हसली, की शेजारच्या घरातून माणसं डोकावली. "बोका गेला, फारच उपयुक्त माहिती!" साहिल छातीवर हात ठेवून गंभीर आवाजात म्हणू लागला. "मित्रांनो, बोका गेला बरं का!"

"आणि ही कुठली? 'तुमच्या लेखनात अनुभवाची खोली जाणवते.'"

"'येत्या शनिवारी वर्ग नाही', त्याखालची."

मग तर कुणाला आवरता येईना. सुट्टीच्या सूचनेत अनुभवाची खोली! कुमुद पदर तोंडाला लावून आत गेली. मी मात्र वैदेहीकडे पाहत होतो. ती हसत नव्हती. तिच्या हातात एक चिठ्ठी होती नि ती ती चौकटीपुढे धरून हळूहळू एका खणावरून दुसऱ्या खणावर नेत होती. 'चालणारी शी' या खणापाशी ती थांबली. चिठ्ठी आत टाकली. मग पुन्हा काढली. बोक्याच्या खणात टाकली. तिथूनही काढली.

पोरं एकेक करून तिच्याभोवती जमली.

"आजोबा," ती म्हणाली, "ही कुठंबी बसती."

"वाच बरं."

"'विषय किती सोप्या शब्दांत मांडलात. तुमची शैली मनाला भिडली.'" तिनं चिठ्ठी उलटी करून पाहिली, जणू मागं काहीतरी सापडेल. "ह्यात अळी न्हाई. कढीपत्ता न्हाई. मेघनाताईंनी माझं वाचलंच न्हाई."

"मेघनाताई कुणी नाहीत, बाळ," मी म्हणालो. "तेलाची जाहिरात आहे. मला काल कळलं."

तिचे डोळे भरले. मी तिच्याशेजारी जमिनीवर बसलो. गुडघे कुरकुरले.

"मीही फसलो. तू फक्त चिकटवून ठेवलंस. मी मेघनाताईंच्या गुडघ्याची चौकशी केली. त्यांना निर्गुडीचा पाला सांगितला."

ती माझ्याकडे बघत राहिली. मला वाटलं, आता रडू फुटणार. पण फुटलं ते हसू. डोळ्यांतलं पाणी गालावर आणि तोंडभर हसू, असं ते ध्यान दिसत होतं.

"तेलाच्या बाटलीला?"

"बाटलीला."

मग ती उठली, मेघनाताईंची चिठ्ठी कुठल्याच खणात न टाकता खिडकीत ठेवली आणि म्हणाली, "पत्ता नसलेल्या पत्रांचं टपालात काय करत्यात?"

"वेगळी ठेवतात. वाट बघतात, मग नष्ट करतात."

"मग तशीच करूया."

एकेचाळीसपैकी अडतीस चिठ्ठ्या खिडकीत गेल्या. तीन राहिल्या. एक साहिलच्या आत्याची, एक माझ्या पुतण्याची आणि एक गोगलगायीला मीठ टाकू नका म्हणणारी. 'चालणारी शी' हा खण रिकामा होता. वैदेहीनं त्यात बोट घालून पाहिलं. कोपऱ्यातलं कार्डशीट तिनं उचललं आणि पालथं करून ठेवलं. मला ते बघवेना. धडा बरोबर होता, पण पोरीच्या पदरात काय पडलं?

"अजून एक पेटी हाय," साहिल अचानक म्हणाला.

"कसली?"

"मशीनच काही कमेंट आपणहून बाजूला टाकतंय. त्याला वाटलं, ह्या स्पॅम हायत, तर ते आपल्याला दाखवतच न्हाई. ती पेटी आपण कधी उघडली न्हाई." तो खुर्चीवर चढून बसलासुद्धा. "पण मशीनला काय कळतंय? मेघनाताईंना आत सोडलंच की त्यानं."

"उघड."

त्यात त्रेसष्ट होत्या. साहिल मोठ्यानं वाचायचा आणि पोरं एका सुरात निकाल द्यायची. "'अप्रतिम ब्लॉग!'" – "खिडकी!" "'ही माहिती मी बरेच दिवस शोधत होतो!'" – "खिडकी!" "'वजन कमी करा!'" – "खिडकी!" पोरांना त्यात इतका रंग चढला, की रस्त्यावरून जाणाऱ्यांना पाढे चालू आहेत असं वाटलं असेल.

सत्तावन्नाव्या कमेंटला साहिल अडखळला.

"वाच की," पोरं म्हणाली.

"थांबा." तो पडद्याजवळ वाकला. "'लेख वाचला. चालणारी शी हे नाव बरोबर दिलेत. पण एक चूक आहे.'"

वैदेही उभी राहिली.

"'ही अळी हिरवी होईपर्यंत चार वेळा कात टाकते. बाईंनी तीन लिहिले आहे. टाकलेली कात ती स्वतःच खाते, म्हणून मोजणाऱ्याची फसगत होते. बाईंनी पुन्हा मोजावे. शंका असल्यास फोन करावा. शंकर राऊळ, निवृत्त वनरक्षक, आंबोली.' खाली नंबर हाय. नंबर हाय म्हणूनच मशीननं बाजूला टाकली असणार."

कुणी 'खिडकी' म्हटलं नाही. सगळे वैदेहीकडे बघत होते. ती पडद्यापाशी गेली आणि ओळीवर बोट ठेवून स्वतः वाचलं. एकदा. मग पुन्हा.

"आजोबा," ती म्हणाली, आणि एवढा मोठा आवाज तिचा मी त्याआधी ऐकला नव्हता, "आजोबा, माझी चूक काढलीया! माझी! ह्यात अळी हाय, कात हाय! हे दुसऱ्या कुठल्या खणात बसतच न्हाई!"

"आन् तुला बाई म्हटलंय!" साहिल ओरडला. "गुरवबाई!"

"लाडू गुरवबाईंना!" आतून कुमुद म्हणाली.

फोन लावायचाच, असं सर्वानुमते ठरलं. मी नंबर फिरवला. पलीकडे घंटा बराच वेळ वाजली, मग पडवीभर ऐकू येईल असा दमदार आवाज आला. मी आमची ओळख सांगितली.

"हां हां, परसदार! दोन महिने झाले लिहून. उत्तर नाही. म्हटलं, बाईंना राग आला असणार. खरं बोललेलं कुणाला आवडतं? बाई आहेत का तिथं? त्यांना द्या."

मी रिसीव्हर वैदेहीकडे दिला. तिनं तो दोन्ही हातांनी धरला. सगळी पोरं त्याला कान लावायला चिकटली.

"हॅलो. मी वैदेही गुरव."

"बाईंना बोलव गो पोरी."

"मीच हाय. सहावी अ."

पलीकडून एवढं मोठं हसू आलं, की तिनं रिसीव्हर कानापासून लांब धरला. "सहावी? देवा! आणि मी आपलं बाई बाई म्हणून... बरं, तीन का लिहिलंस? चार असतात."

"मी तीनच बघितल्या."

"एक सुटली तुझी."

वैदेहीनं केसांतली पेन्सिल काढली आणि वही उघडली. "मला घावली तवा ती भाताच्या शिताएवढी हुती. त्याच्या आधी एकदा कात टाकली असंल, तर ते मला म्हाईत न्हाई. आमच्यात बघितलं तेवढंच लिवायचं असतंय."

साहिलनं कान रिसीव्हरला आणखी चिकटवला.

"हं," राऊळ म्हणाले. आवाज बदलला होता; आता ते लहान पोरीशी बोलत नव्हते. "शिताएवढी म्हणजे पहिली कात होऊन गेलेली. मग तुझ्या तीन बरोबर. पण मला कसं कळणार? 'मी पाहिल्यापासून तीन' असं लिहायला हवं होतं."

"व्हय. ते ऱ्हायलं."

"मग चूक आहे की नाही?"

"अर्धी हाय," वैदेही म्हणाली.

"अर्धी! बरं बाई, अर्धी. पुढच्या वेळी अंड्यापासून धर."

"अंडं कसलं असतंय?"

मग राऊळांनी सांगायला सुरुवात केली आणि वैदेहीनं लिहायला. पिवळसर, मोहरीपेक्षा लहान, कोवळ्या पानावर एकेकटं. मध्येच ती म्हणायची, "थांबा, सावकाश सांगा," आणि आंबोलीचे निवृत्त वनरक्षक थांबायचे. पोरं कंटाळून लाडवांकडे गेली. मी चौकटीपाशी उभा राहिलो. राऊळांचा मजकूर एका चिठ्ठीवर उतरवला आणि 'चालणारी शी' या खणात टाकला. आजही ती चिठ्ठी तिथंच आहे.

फोन ठेवल्यावर वैदेहीनं पालथं ठेवलेलं कार्डशीट पुन्हा पसरलं. मागची बाजू कोरी होती. मला वाटलं, आता राऊळांनी 'नाव बरोबर दिलेत' म्हटलंय, ते ती वर लिहील. पण तिनं निळं स्केचपेन उघडलं, जीभ जरा बाहेर काढली आणि हाताएवढ्या अक्षरांत मथळा लिहिला: 'वाचकांनी काढलेल्या चुका'.

त्याखाली तिनं एकचा आकडा काढला, राऊळांचं सगळं पत्र उतरवलं आणि कंसात लिहिलं, 'अर्धी'. मग दोनचा आकडा काढला आणि त्यापुढची सगळी जागा मोकळी सोडली.

"एवढी जागा कशाला गं?" मी विचारलं.

"प्रदर्शनाला माणसं येणार की, आजोबा," ती म्हणाली आणि स्केचपेनला दोरा बांधायला लागली.